‘क्राउड’ चांगले असलेली शाळा



न्यूझीलंडमध्ये नव्याने आलेल्या कुटुंबापुढे पहिला प्रश्न नोकरीचा असतो आणि दुसरा घराचा. मूल पाच वर्षांचे होत आले असेल, तर घराचा प्रश्न हाच शाळेचा प्रश्न होऊन बसतो. ज्या सरकारी शाळेला प्रवेशक्षेत्र, म्हणजे आपण सारे ज्याला ‘झोन’ म्हणतो ते, आखून दिलेले आहे, तिला त्या क्षेत्रात राहणारे मूल नाकारता येत नाही. क्षेत्राबाहेरच्या मुलांना जागा उरल्या तरच प्रवेश मिळतो, आणि अर्ज जास्त असतील तर चिठ्ठ्या टाकल्या जातात. म्हणून भाड्याचे घर पाहण्याआधी लोक शाळेची चौकशी करतात, आणि ती आपल्याच माणसांत करतात. परक्या देशात ओळखीच्या माणसाचा शब्द हवासा वाटतो, यात नवल नाही.

त्या चौकशीला मिळणारी उत्तरे आम्ही गेली काही वर्षे ऐकत आहोत. शिक्षक कसे आहेत, मूल वाचायला कसे शिकते, मागे पडले तर कोण लक्ष देते, याविषयी त्यांत फारसे काही नसते. बहुतेक उत्तरे एका शब्दापाशी येऊन थांबतात. “शाळा बरी आहे हो, पण क्राउड चांगले नाही.” “भाडे थोडे जास्त पडेल, पण तिकडचे क्राउड चांगले आहे.” शब्द इंग्रजी असला तरी हा अर्थ त्याला इंग्रजांनी दिलेला नाही. तो आपण पुण्याहून, ठाण्याहून, नागपूरहून सामानात बांधून आणला आहे. येथल्या एखाद्या पाकेहा शेजाऱ्याला शाळेचे ‘क्राउड’ कसे आहे असे विचारले, तर तो बिचारा रग्बीच्या सामन्याविषयी बोलू लागेल.

ऑकलंडच्या दक्षिण आणि पश्चिम भागांत हा शब्द उच्चारला जातो, तेव्हा त्याचा अर्थ ऐकणाऱ्याला बरोबर कळतो. त्या शाळेत माओरी मुले आणि सामोआ, टोंगा अशा बेटांवरून आलेल्या कुटुंबांची मुले अधिक आहेत, एवढाच तो अर्थ असतो. तसे उघड कोणी म्हणत नाही. म्हणावे लागू नये, यासाठीच तर तो शब्द आहे.

या मताला बराच काळ सरकारी आकड्याचाही आधार मिळाला. १९९५ पासून येथील शाळांना ‘डेसाइल’ दिले जात असे, एक ते दहा. विद्यार्थी ज्या वस्त्यांत राहतात तेथील उत्पन्न, व्यवसाय, घरातील दाटी, पालकांचे शिक्षण आणि सरकारी साहाय्यावरील अवलंबन हे जनगणनेतून पाहून शाळांचे दहा सारखे भाग पाडले जात. गरीब वस्तीतील शाळेला अधिक निधी मिळावा, हा त्यामागील हेतू होता. अध्यापनाशी त्या आकड्याचा काही संबंध नव्हता, आणि शिक्षण मंत्रालय तसे वेळोवेळी सांगतही असे. पण पालकांनी तो परीक्षेतील गुणांसारखा वाचला. दहा म्हणजे उत्तम आणि एक म्हणजे नापास. घरांच्या जाहिरातींत तो झळकू लागला. अखेर २०२३ च्या आरंभी डेसाइल रद्द होऊन ‘इक्विटी इंडेक्स’ आला. त्यात सदतीस घटक मोजले जातात आणि शाळेला ३४४ ते ५६९ यांमधील एक आकडा मिळतो. आकडा जितका मोठा, तितक्या त्या मुलांच्या वाटेत अडचणी अधिक, आणि म्हणून मदतही अधिक. आपल्याकडील हुशार मंडळींनी हाही आकडा आता उलटा वाचायला सुरुवात केली आहे.

शाळेविषयीचे पालकांचे मत हे पुष्कळदा दुसऱ्यांच्या मुलांविषयीचे मत असते. हे आपल्या समाजाइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असेल? जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारण्यात आला आणि त्याच्या वतीने मुंबई सरकारकडे अर्ज गेला. सरकारने २१ जुलै रोजी निर्णय दिला. न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे, हे सरकारला अमान्य नव्हते. परंतु या एका मुलासाठी शाळा उघडली, तर बाकीच्या बहुसंख्य मुलांच्या दृष्टीने ती निरुपयोगी होईल, असे सरकारचे म्हणणे पडले. सरळ बोलायचे तर इतर पालक आपली मुले काढून घेतील, ही भीती होती. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे जे निवेदन दिले, त्यात हा निर्णय मुद्दाम उद्धृत केला आहे. आम्हांला त्यातील एक गोष्ट विशेष वाटते. त्या मुलाला कोणी मठ्ठ म्हटले नव्हते, उनाडही म्हटले नव्हते. त्याच्याविषयी कोणाची काही तक्रारच नव्हती. त्याच्यामुळे ‘क्राउड’ बिघडणार होते, इतकेच.

येथील इतिहासातही असे एक गाव आहे. ऑकलंडच्या दक्षिणेला पुकेकोहे नावाचे कांद्या-बटाट्याच्या मळ्यांसाठी प्रसिद्ध गाव आहे. आज तेथे नव्या वसाहती उभ्या राहत आहेत. या गावात १९५२ साली माओरी मुलांसाठी निराळी सरकारी प्राथमिक शाळा उघडण्यात आली. देशात माओरींसाठीच्या सरकारी शाळा १८६७ च्या कायद्यापासून होत्याच, पण त्या मुख्यतः माओरी वस्तीच्या गावांत होत्या. येथे गावात सर्वांसाठीची शाळा असताना वेगळी शाळा झाली, कारण पाकेहा पालकांना आपल्या मुलांशेजारी ती मुले नको होती. स्वच्छतेचे कारण पुढे केले जाई. ज्या मळ्यांत माओरी मजूर राबत, तेथे त्यांना राहायला मोडक्या झोपड्या मिळत, हे मात्र कारण सांगणारे विसरत. त्या काळी गावातील चित्रपटगृहात माओरींची बसण्याची जागा वेगळी असे, आणि न्हावी त्यांचे केस कापण्यास नकार देत. पोहण्याच्या तलावात माओरी मुलांना शुक्रवारी, पाणी बदलण्याच्या आधी, उतरू दिले जाई. हा सारा तपशील रॉबर्ट बार्थोलोम्यू यांच्या ‘नो माओरी अलाउड’ या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात आला आहे. पाण्याचा उल्लेख वाचताना आपल्यापैकी प्रत्येकाला कोणते तळे आठवेल, ते लिहिण्याची गरज नाही.

एक अवघड गोष्टही येथे नोंदवली पाहिजे. त्या मळेवाल्यांत पाकेहा होते, चिनी होते आणि भारतीयही होते. ज्या भारतीयांना आणि चिन्यांना १९२० च्या दशकात याच गावात स्थापन झालेली ‘व्हाइट न्यूझीलंड लीग’ हुसकून लावू पाहत होती, त्यांच्याही मळ्यांत माओरी मजूर झोपड्यांतच राहत होते. स्वतः भोगलेला बहिष्कार माणसाला आपोआप शहाणे करतो, असा आमचा फार विश्वास उरलेला नाही.

आमच्या एका स्नेह्यांनी यावर रोखठोक आक्षेप घेतला, आणि तो आम्ही येथे मांडतो, कारण तो खोटा नाही. ते म्हणाले, “चळवळ मी करीन. माझ्या पाच वर्षांच्या मुलीच्या पाठीवर ती का लादायची? आमच्या घरात शिक्षणाखेरीज दुसरी इस्टेट नव्हती. तिच्या शाळेच्या बाबतीत मी जोखीम घेणार नाही.” आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात हीच स्थिती होती. आई-वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन शिकवले, म्हणून आपण येथवर आलो. त्यामुळे शाळेविषयी काळजी करणाऱ्या पालकाला आम्ही नावे ठेवणार नाही. कोणी आपले मूल तत्त्वासाठी वाईट शाळेत घालावे, असेही आमचे म्हणणे नाही. ‘क्राउड’ या शब्दातून शाळा वाईट आहे की चांगली, हे कळत नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आणि चांगले क्राउड कोणासाठी चांगले? हा प्रश्न आपल्या घरांनी तरी विचारायला हवा. ज्या शाळांविषयी भारतीय पालक असे कौतुकाने बोलतात, तेथे बहुधा भारतीय पालकच पुष्कळ असतात. ‘आपले लोक आहेत तिकडे’ हे त्या कौतुकाचे दुसरे रूप. मग वाढदिवसाच्या मेजवानीत कोणी प्रेमाने विचारते, “तुम्ही मूळचे कुठले? नाही, गाव नव्हे, आडनाव काय म्हणालात?” डब्यातल्या अंड्यावरून मुलांत चर्चा होते, आणि ती मुलांची स्वतःची नसते. पालकांच्या व्हॉट्सॲप समूहात एखाद्या रविवारी आरक्षणावरचा विनोद येतो, आणि आपण तो वाचून फोन उलटा ठेवतो. यातले एकूणएक आमच्या परिचितांनी अनुभवले आहे. शिवाय आपल्यातील कित्येकजण जिल्हा परिषदेच्या वा नगरपालिकेच्या ज्या शाळांतून शिकले, त्यांचे क्राउड कोणत्या शब्दांत वर्णिले जात होते, तेही आठवून पाहावे. ते क्राउड आपणच होतो.

पालकांच्या खऱ्या तक्रारी निराळ्या आहेत आणि त्या रास्तही आहेत. गृहपाठ नाही, पाठ्यपुस्तक नाही, प्रगतिपुस्तकात गुण नाहीत, मुले अनवाणी हिंडतात आणि चटईवर बसून गोष्टी ऐकतात. पण हे वर्णन एका वस्तीतील शाळेचे नाही, देशातील बहुतेक प्राथमिक शाळांचे आहे. त्यातील काही गोष्टी आम्हांला आवडतातही. पाच वर्षांच्या मुलाने चटईवर बसून गोष्ट ऐकण्यात काय बिघडले? मात्र गणिताविषयीची चिंता निराधार नाही. आंतरराष्ट्रीय ‘पिसा’ चाचणीत पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांचे गणितातील सरासरी गुण २००३ मध्ये ५२३ होते, ते २०२२ मध्ये ४७९ वर आले. सरकारने २०२४ पासून वाचन, लेखन आणि गणित यांना दररोज सरासरी एकेक तास देण्याचा नियम केला, आणि २०२५ पासून ध्वनी व अक्षर यांची सांगड घालून पायरीपायरीने वाचन शिकवणे सरकारी शाळांना बंधनकारक केले. ‘चांगल्या क्राउड’च्या शाळेला हे नियम लागू आहेत आणि दुसरीलाही.

तेव्हा नव्या पालकांनी शाळेत जावे. सुट्टीच्या दिवशी फाटकाचे छायाचित्र काढण्यासाठी नव्हे, तर कामाच्या दिवशी, वेळ ठरवून. बहुतेक मुख्याध्यापक स्वतः वर्ग दाखवतात. पहिल्या वर्षाच्या वर्गात पाच मिनिटे उभे राहिले, तर शिक्षिका मुलांशी कोणत्या स्वरात बोलते ते कळते. आम्ही तर त्यालाच सर्वांत अधिक वजन देतो. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला इंग्रजीसाठी काय साहाय्य मिळते, वाचनात मागे पडलेले मूल किती दिवसांत लक्षात येते आणि मग काय केले जाते, हे विचारावे. उत्तर गुळमुळीत आले, तर तीही माहितीच आहे. एज्युकेशन रिव्ह्यू ऑफिसचे प्रत्येक शाळेविषयीचे अहवाल सर्वांना खुले असतात. ते कंटाळवाणे असतात, तरी वाचावेत.

आणखी एक प्रश्न आपली कुटुंबे क्वचितच विचारतात. येथील सरकारी प्राथमिक शिक्षण १८७७ च्या कायद्यापासून धर्मनिरपेक्ष आहे. तरीही शाळेच्या मंडळाला हवे असेल, तर आठवड्यातून जास्तीत जास्त एक तास आणि वर्षातून वीस तासांपर्यंत शाळा ‘बंद’ धरून धार्मिक शिक्षण देता येते, आणि ते बहुधा बायबलचे असते. २०२० च्या कायद्यानंतर त्यासाठी पालकांची लेखी संमती आवश्यक झाली आहे. प्रवेशाच्या कागदांच्या गठ्ठ्यात ते पान असले, तर वाचल्याशिवाय सही करू नये. संमती न दिलेली मुले त्या तासाला कोठे बसतात आणि काय करतात, हेही विचारून घ्यावे. मूल एकटे बाहेर बसण्याचा अर्थ आपल्याला कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

शाळा पसंत पडली नाही, तर झोन बदलणे हा एकच उपाय आहे असे आपल्याकडे मानले जाते. परंतु १९८९ च्या ‘टुमॉरोज स्कूल्स’ सुधारणेपासून येथील प्रत्येक सरकारी शाळेचा कारभार पालकांनी निवडलेले मंडळ पाहते. मुख्याध्यापकांची नेमणूक ते करते, अंदाजपत्रक ते मंजूर करते, धार्मिक शिक्षण ठेवायचे की नाही हेही तेच ठरवते. निवडणूक तीन वर्षांनी होते. पालक प्रतिनिधी म्हणून उभे राहण्यास न्यूझीलंडचे नागरिकत्व लागत नाही, हे आपल्यातील अनेकांना माहीतच नसते. अंदाजपत्रक वाचू शकणारा, एक्सेलला न घाबरणारा माणूस अशा मंडळांना नेहमी हवा असतो, आणि आपल्या समूहात तशा माणसांचा तुटवडा नाही. उभे राहायचे नसले तरी मंडळाच्या बैठका लोकांसाठी खुल्या असतात. त्या बहुधा संध्याकाळी होतात, आणि पुढच्या बैठकीची तारीख शाळेच्या कार्यालयात विचारली की मिळते.