चॉप्स, ओव्हन आणि आपली पंगत

स्वयंपाकघराविषयी आपण संघटनांमधून पुष्कळ बोललो. चूल कुणी सांभाळायची, उरलंसुरलं कुणी खायचं, सगळ्यांच्या मागून कुणी जेवायचं, या प्रश्नांवर आपण पोस्टर्स काढली, पथनाट्यं केली, गाणी रचली. पण भांड्यात काय शिजतं आहे आणि ते शिजताना काही घरांत खिडकी का लावून घ्यावी लागते, हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकींनी बाजूलाच ठेवला. तो लावून धरला तो मुख्यतः दलित मैत्रिणींनी. आज मला त्याविषयी लिहायचं आहे, आणि त्यासाठी मी एक साधा पदार्थ घेतला आहे : घरच्या ओव्हनमध्ये भाजलेले, पावाचा चुरा लावलेले, डुकराच्या मटणाचे कुरकुरीत चॉप्स.

पदार्थाचं नाव वाचूनच काही मैत्रिणी पान उलटतील. त्यांना विनंती की थोडं थांबा. कुणी काय खावं हे सांगण्यासाठी हा लेख नाही.

मी वसईकडची, ख्रिस्ती घरातली. नाताळात आणि लग्नकार्यात डुकराचं मटण आमच्याकडे असतं, त्यामुळे ओळखीच्या बायका माझ्याशी या विषयावर मोकळेपणानं बोलतात. घरोघरी ओव्हन आल्यापासून त्यांच्या तोंडून एक वाक्य मी वारंवार ऐकते, "ओव्हनमध्ये केलं की बरं, वास बाहेर जात नाही." हे म्हणणाऱ्यांत पुण्यात भाड्यानं राहणारी नोकरदार मुलगी आहे, नवऱ्याच्या जातीत हे चालत नाही म्हणून माहेरची चव विसरलेली सून आहे, सोसायटीच्या कमिटीला घाबरून असणारी आजी आहे. तिघींनाही ओव्हन आवडतो तो त्याला दार आहे म्हणून! मलाही ओव्हन आवडतो, पण या कारणासाठी नाही.

आधी कृती सांगते, म्हणजे माझं कारण कळेल. चार माणसांना चार चॉप्स, बरगडीकडचे, हाडासकट, बोटाच्या पेरापेक्षा किंचित कमी जाड, म्हणजे साधारण २ सेंटिमीटर. पातळ घेतले तर चुरा लाल होईपर्यंत आतलं मांस वाळून जातं. कडेच्या चरबीला दोन-तीन ठिकाणी चिरा द्यायच्या, नाहीतर चॉप भाजताना वाकडा होतो. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात ते तासभर फ्रिजमध्ये ठेवायचे आणि मग फडक्यानं अगदी कोरडे पुसायचे. ओलं राहिलं की चुरा गळून पडतो.

चुऱ्यासाठी शिळे पाव वाळवून जाडसर कुटायचे. दुकानातल्या पीठासारख्या बारीक चुऱ्यात ती मजा नाही. या चुऱ्याला दोन चमचे तेल चोळून तो कढईत आधीच बदामी परतून घ्यायचा. ओव्हनमधल्या कुरकुरीतपणाचं सगळं मर्म इथे आहे. तळणीत तेल चुऱ्याला चहूबाजूंनी रंग देतं, ओव्हनमध्ये फक्त गरम हवा असते, आणि कच्चा चुरा लाल होण्याची वाट पाहिली तर चॉपचं चामडं होतं. मग चॉपला मैद्याचा हलका हात, त्यावर आलं-लसूण, मिरपूड आणि किंचित व्हिनेगर घालून फेटलेलं अंडं, त्यावर हा चुरा तळहातानं दाबून लावायचा आणि दहा मिनिटं तसंच राहू द्यायचं. ट्रेमध्ये तारेची जाळी ठेवून तिच्यावर चॉप्स मांडायचे. थेट ट्रेवर ठेवले तर खालची बाजू स्वतःच्याच रसात भिजते. ओव्हन आधीच २२० अंशांवर तापवलेला हवा. साधारण वीस मिनिटं लागतात, उलटावे लागत नाहीत. मग पाच मिनिटं बाहेर ठेवून वाढायचे.

आता हेच चॉप्स तव्यावर तळायचे तर काय होतं? एका वेळी दोनच मावतात. पहिले दोन गरम गरम नवऱ्याच्या आणि सासऱ्याच्या ताटात जातात, पुढचे मुलांच्या. तळणारी तेलाच्या धगीपाशी उभी राहते, आणि तिच्या वाट्याला शेवटचा, तळाशी जळकट झालेला चॉप येतो, तोही सगळे हात धुवायला उठल्यावर. गरम वाढण्याच्या कौतुकात बाईचं शेवटी जेवणं किती बेमालूम दडलेलं असतं! ओव्हनमधून मात्र चारही चॉप्स एकाच वेळी बाहेर येतात. ती वीस मिनिटं कुणालाच तिथे उभं राहावं लागत नाही, आणि करणारी बाईही बाकीच्यांबरोबर बसून गरम घास खाऊ शकते. ओव्हनचा खरा गुण मला हा वाटतो. तो लपवायला सोयीचा आहे म्हणून त्याला डोक्यावर घ्यायला मी तयार नाही.

यंत्रं आपोआप सुटका करत नाहीत, हे आपण जाणतोच. अमेरिकेत जोॲन व्हानेक यांनी १९७४ साली जुन्या-नव्या पाहण्या ताडून दाखवलं, की १९२४ साली पूर्णवेळ गृहिणी आठवड्याला सुमारे ५२ तास घरकाम करत होती आणि घर यंत्रांनी भरल्यावर, १९६० च्या दशकात, सुमारे ५५ तास. आपल्याकडे केंद्र सरकारच्या वेळेच्या वापराच्या पाहणीत २०१९ साली घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाचे २९९ मिनिटं त्यात जात होते आणि पुरुषाचे ९७. २०२४ साली हे आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली, तर पुरुषानंही नऊ मिनिटं अंग काढून घेतलं! तेव्हा ओव्हन आणला की समता येईल असा भाबडेपणा माझ्याकडे नाही. पण ज्या कामात मोजमाप आणि घड्याळ पुरेसं असतं, ते काम 'आईच्या हातची चव' म्हणून कुणाच्या गळ्यात मारता येत नाही. वर लिहिलेली कृती वाचता येणारा कुणीही पुरुष करू शकतो.

आता वासाकडे येऊ. डुकराचं मटण शिजताना जो वास येतो तो इतर मटणापेक्षा काही भयंकर नसतो. सुक्या बोंबलाचा वास कितीतरी लांब जातो. मग खिडकी लावायची ती कशासाठी? वासावरून जात ओळखली जाते म्हणून. वडार, कैकाडी अशा समाजांच्या स्वयंपाकात डुकराचं मटण असतं, आणि गावानं ते नेहमी त्यांना हिणवण्यासाठीच आठवलं. तेच मांस शहरातल्या हॉटेलात 'पोर्क चॉप' या नावानं, काट्या-सुरीसह येतं तेव्हा ते उंची होतं. नाव इंग्रजी झालं, वर पावाचा चुरा चढला की जात धुऊन निघते. वस्तीतली बाई मात्र डुकराचं मटण शिजवते ती चुलीवर, उघड्यावर, आणि तिच्यापाशी लावून घ्यायला ओव्हनचं दारही नसतं. म्हणून माझ्या मध्यमवर्गीय मैत्रिणींना मला सांगायचं आहे, की बंद दारामागची आपली सोय ही आपल्यापुरतीच आहे. त्यानं उघड्यावर शिजवणाऱ्या बाईची मानहानी तसूभरही कमी होत नाही.

अन्नावरून माणसं वेगळी बसवण्याचं हे काम शिकलेल्यांच्या संस्थांतही चालतं. मुंबईच्या आय.आय.टी.त २०२३ साली वसतिगृहाच्या खानावळीत काही टेबलं फक्त शाकाहारींसाठी राखून ठेवली गेली आणि निषेध म्हणून तिथे बसून मांसाहार करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड ठोठावला गेला. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रातून शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दलितांच्या अन्नस्मृतींवर पुस्तक काढलं. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आलं. ही पुस्तकं आपल्या अभ्यासवर्गांत वाचली जातात. पण अभ्यासवर्ग संपल्यावर जेवायला काय असतं? पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात. "सगळ्यांना चालेल असं ठेवलंय," असं आपण म्हणतो. या 'सगळ्यां'मध्ये कोण धरलं आहे आणि आपली चव घरी ठेवून यायला कुणाला सांगितलं आहे, हे आपण स्वतःला विचारलं पाहिजे.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला आरोग्याचा. "त्यातून मेंदूत जंत होतात," असं सुशिक्षित बायकाही सांगतात. यात अर्धं सत्य आहे. जंतांच्या गाठी असलेलं कच्चं मांस खाल्लं तर आतड्यात पट्टकृमी वाढतो. पण मेंदूत गाठी होतात त्या त्या कृमीची अंडी पोटात गेल्यामुळे, आणि ती अंडी जातात माणसाच्या विष्ठेतून. न धुतलेल्या हातांनी, घाण पाण्यानं, कच्च्या भाजीवरून. त्यामुळे जन्मात मांस न खाल्लेल्या माणसालाही हा आजार होतो. डुकरालाही तो माणसाच्या उघड्यावरच्या विष्ठेमुळेच होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे जिथे या कृमीचा प्रादुर्भाव आहे अशा भागांत अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे हे कारण असतं. म्हणजे प्रश्न संडासांचा, मैल्याच्या निचऱ्याचा आणि स्वच्छ पाण्याचा आहे. तो सोडवायचं सोडून ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या घाणीच्या कामाला जुंपलं, त्यांच्याच ताटाला घाण म्हणायचं, हे कुठलं आरोग्यशास्त्र? स्वयंपाकात काळजी घ्यायची ती एवढीच, की मांस पूर्ण शिजलं पाहिजे. अमेरिकेच्या कृषी खात्यानं २०११ साली अखंड तुकड्यासाठी ६३ अंश आणि तीन मिनिटं विश्रांती पुरेशी ठरवली, त्याआधी ते ७१ अंश सांगत. आपल्याकडे मटण कुठून आलं हे नेहमी कळत नाही, म्हणून मी जुनेच ७१ अंश पाळते. तापमापक नसेल तर हाडापाशी सुरी घालून पाहावं, मांस गुलाबी दिसता कामा नये.

दुसरा आक्षेप शाकाहारी मैत्रिणींचा, "आम्हांला ते बघवत नाही." न खाण्याचा त्यांचा हक्क मला पूर्ण मान्य आहे. त्यांच्यासाठी वेगळी भांडी, वेगळे डाव ठेवणं हे यजमानीणीचं कर्तव्य आहे. पण स्वतः न खाणं वेगळं आणि दुसरीचं ताट नजरेआड करायला लावणं वेगळं. दुसऱ्या मागणीमागे जातीचं बळ उभं असतं, म्हणूनच ती इतक्या सहज मान्य होते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, तो मुसलमान मैत्रिणींच्या बाबतीतला. त्यांना डुकराचं मांस निषिद्ध आहे, आणि या देशात त्याचा वापर त्यांना डिवचण्यासाठी, दंगली पेटवण्यासाठी झालेला आहे. त्या खेळाशी आपला कसलाही संबंध असता कामा नये. कुणाला खिजवण्यासाठी मांडलेलं ताट हे पंगतीचं ताट नव्हे. त्यामुळे जिथे त्या आपल्याबरोबर असतील, तिथे आधी त्यांच्याशी बोलायचं, ट्रे, जाळी, चिमटे आणि शक्य तर ओव्हनही निराळा ठेवायचा, त्यांचं जेवण आधी आणि स्वच्छ भांड्यांत तयार करायचं. त्यांना संकोच वाटत असेल, तर त्या दिवशी आपण थांबायचं. जिच्यावर भीतीचं सावट आहे तिच्यासाठी थांबण्यात माझं काही जात नाही. ज्यांच्या हातात इमारतीच्या किल्ल्या आहेत त्यांच्यासाठी थांबायला मात्र मी तयार नाही.

माझी सूचना अगदी छोटी आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचं दहन झालं, आणि आपल्यातल्या अनेक गट-संघटना तो दिवस भारतीय स्त्री मुक्ती दिन म्हणून पाळतात. आमच्या घरी त्याच दिवशी नाताळ असतो. या डिसेंबरात त्या दिवसाच्या कार्यक्रमानंतरचं जेवण बाहेरून न मागवता, प्रत्येकीनं आपल्या घरी शिजतं पण सांगितलं जात नाही असं काहीतरी आणावं. कुणी वजडी आणेल, कुणी सुकट, कुणी नाचणीची आंबील, कुणी दालचा. प्रत्येक भांड्यावर पदार्थाचं नाव स्वच्छ मराठीत लिहावं, म्हणजे जिला जे नको ते टाळता येईल. सर्वांशी आधी बोलून ठरलं, तर मी चॉप्सचा ट्रे आणीन आणि त्यावर 'डुकराचं मटण' असंच लिहीन. भांडी घासायला पुरुष कार्यकर्त्यांची नावं आधीच लावून ठेवावीत, आणि वाढण्यासाठी कुणीही मागे उभं राहू नये.