कोठीला काळा रंग देण्यापूर्वी

रब्बीचे धान्य घरात येण्याच्या सुमारास रिकाम्या कोठ्या अंगणात निघतात आणि त्यांच्या गंजलेल्या बुडाला डांबर किंवा काळा रंग फासला जातो. मागील हंगामात हापूडजवळच्या एका गावात अशीच एक कोठी पाहिली. बाहेरून काळीभोर, आणि घरधन्याने मोठ्या अभिमानाने आतूनही हात फिरवलेला. कीटकशास्त्राच्या अभ्यासकाने रंगकामात लक्ष का घालावे, असा प्रश्न वाचकांस पडेल. पण कोठीचा पत्रा हाच साठवणुकीतील किडीविरुद्धचा पहिला बांध आहे. पत्र्याच्या कोठ्यांचा प्रसार ज्या हापूडच्या धान्य साठवण संस्थेने केला, तिच्या आसपासही ही गोष्ट विसरली जावी, याचे नवल वाटते.

विळ्या-खुरप्याला तापवून जवसाचे तेल चोळावे, काळा थर बसतो आणि लोखंड टिकते. मात्र पाते फार तापवल्यास धार मऊ पडते. कोठीचे तसे नाही. आतून लावलेले डांबर धान्याला लागते, त्याचा वास व विषारी अंश पिठात उतरतो. बाहेरचा काळा रंग ऊन शोषतो. दिवसा तापलेला पत्रा रात्री गार होतो, झाकणाखाली ओल धरते आणि सोंडकिड्याला हवी असलेली ऊब व ओल दोन्ही मिळतात. काळ्याचा उपयोग करायचाच असेल, तर कडधान्य काळ्या प्लॅस्टिकवर पसरून वर पारदर्शक कागद घालून उन्हात तापवावे; भुंगेरे मरतात.

सर्वांत घातक भाग मात्र छिद्रांचा आहे. रंगाने छिद्र झाकते, बुजत नाही. आत गंज चालूच राहतो. अशा कोठीत कोणी अॅल्युमिनिअम फॉस्फाईडची गोळी टाकली, तर फॉस्फिन वायू घरात झिरपतो. त्याला लसणासारखा वास येतो, पण झोपलेल्या माणसाला त्या वासाचा काय उपयोग? या गोळ्या घरगुती वापरासाठी नाहीतच. त्या शासकीय यंत्रणा आणि प्रशिक्षित कीडनियंत्रकांपुरत्या मर्यादित आहेत, तरीही सुट्या मिळतात. विस्तार कार्यकर्त्यांनी याबाबत भीड ठेवू नये.

डागडुजी करायचीच तर आधी तारेच्या ब्रशने गंज पूर्ण खरवडावा. रात्री कोठीत पेटती विजेरी ठेवून झाकण लावावे आणि बाहेरून जिथे उजेड दिसेल तिथे खडूने खूण करावी. छिद्राला पत्र्याचे ठिगळ कारागिराकडून लावून घ्यावे. बाहेरच्या गंजलेल्या जागेवर रेड ऑक्साईड, त्यावर चंदेरी रंग. आत काहीही नको. कोठी विटांवर वा फळ्यांवर, भिंतीपासून थोडी दूर ठेवावी. बूड गंजते ते जमिनीच्या ओलीनेच. गहू १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळलेला, दाताखाली कट्‌कन फुटणारा असला, तर गोळीची आठवणही होत नाही.

हापूडच्या त्या कोठीचे बूड आम्ही खरवडले. शिवणीपाशी सात ठिकाणी उजेड दिसला. कोठीची नेहमीची जागा घरधन्याच्या खाटेपासून चार हातांवर होती.