पहिला बदल कुठे पाठवायचा?

“ओपन सोर्समध्ये काम करायचे आहे, पण प्रकल्पच सापडत नाही.” वर्धा जिल्ह्यातल्या मुलामुलींकडून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की एकेकाला वेगळे उत्तर देण्यापेक्षा इथेच लिहावे असे ठरवले. विचारणारा सेवाग्रामला इंजिनिअरिंग करणारा असतो, हिंगणघाटहून रोज अप-डाऊन करणारी मुलगी असते, किंवा आर्वीत मोबाइलच्या दुकानात बसून रात्री पायथन शिकणारा असतो. अडचण सगळ्यांची एकच. कोर्स झाला, सर्टिफिकेट मिळाले, पण खऱ्या कामाला हात लावायला जागा नाही.

जागा आहे. आपण ती चुकीच्या ठिकाणी शोधतो.

बहुतेक जण गिटहबवर ‘गुड फर्स्ट इश्यू’ हे लेबल शोधतात. नवख्यांसाठी राखलेली कामे या लेबलखाली असतात. कल्पना चांगली आहे, पण लोकप्रिय प्रकल्पात असे काम दिसले की लगेच “हे मला द्या” म्हणणाऱ्यांची रांग लागते, आणि रांगेतल्या निम्म्यांनी तो प्रोग्राम कधी उघडूनही पाहिलेला नसतो. म्हणून माझा सल्ला उलटा आहे. आधी कागदावर लिहा, की मी स्वतः रोज काय वापरतो? फायरफॉक्स, व्हीएलसी, लिबरऑफिस, विकिपीडिया? ओळखीतले कुणी मुंबईत तयार झालेल्या ईआरपीनेक्स्टवर हिशेब ठेवते का? यातली प्रत्येक गोष्ट ओपन सोर्स आहे. जे आपण वापरतो, त्यात काय खुपते ते आपल्याला ठाऊक असते, आणि ते कुठल्याही यादीत सापडत नाही.

एक उदाहरण आपल्या घरातलेच घ्या. विदर्भात आपल्यातल्या कितीतरी लोकांची नावे ‘शेख सलीम शेख उस्मान’ अशा धाटणीची असतात. आता फॉर्ममधले तीन रकाने पाहा: पहिले नाव, मधले नाव, आडनाव. ‘शेख’ कुठे भरायचे? एकदा पुढे, एकदा मागे, एकदा दोन्हीकडे. मग शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे आणि दवाखान्याच्या कागदावर तिसरेच. नावातल्या फरकापायी घरच्यांना किती खेटे घालावे लागतात, हे मी वाचकांना सांगायला नको. दवाखान्यांसाठी जगभर वापरले जाणारे ओपनएमआरएस हे सॉफ्टवेअरही नावाचे असेच तुकडे करून साठवते. अशा प्रकल्पात जाऊन “आमच्याकडे नावे अशी असतात, शोधताना अशी गफलत होते, हा नमुना पाहा” असे नीट लिहून दाखवणे हे खरे योगदान आहे. त्यात कोडची एकही ओळ नसली तरी चालते. आणि ते अमेरिकेत बसलेल्या प्रोग्रामरपेक्षा पुलगावचा मुलगा चांगले लिहू शकतो.

भाषेचेही तसेच. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यात गुरू आणि स्वयंपाकी एवढा फरक आहे. पण हिंदीला हा ‘ऱ्य’ लागत नाही, म्हणून हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या फॉन्टमध्ये किंवा कीबोर्डमध्ये तो हमखास निसटतो. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीपेक्षा वेगळी. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली, त्यामुळे जुन्या प्रोग्राममध्ये तिथे अजूनही चौकोन दिसू शकतो. उर्दू तर उजवीकडून डावीकडे चालते. मध्ये इंग्रजी शब्द किंवा आकडा आला की ओळ कशी विस्कटते, हे उर्दू वाचणाऱ्यालाच कळते. जी मुले घरात उर्दू, बाजारात मराठी आणि कॉलेजात इंग्रजी बोलतात, त्यांना आपल्या या तिपेडी भाषेची किंमतच माहीत नाही. फायरफॉक्सचे भाषांतर पोंटून नावाच्या मंचावर चालते. मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’मध्ये मराठी आणि उर्दू दोन्हीकडे आवाज देता येतो, तोही साध्या फोनवरून. ओपनस्ट्रीटमॅपवर आपल्या मोहल्ल्यातली गल्ली, दवाखाना, शाळा आहे का ते तपासा. नसेल तर घाला.

प्रकल्प आवडला तरी लगेच उडी घेऊ नका. आधी तो जिवंत आहे का पाहा. शेवटचा बदल कधी झाला? गेल्या महिन्यात बाहेरच्या किती लोकांचे बदल स्वीकारले गेले? नवख्याने विचारलेल्या साध्या प्रश्नाला उत्तर मिळाले, की त्याची टर उडवली गेली? (जिथे टर उडवतात तिथून मुकाट निघून यावे, कोड कितीही सुंदर असो.) लायसन्सची फाइल आहे का, तेही बघा. ती नसेल तर कोड नुसता उघडा पडला आहे, वापरायची परवानगी कुणी दिलेली नाही. मग प्रोग्राम स्वतःच्या संगणकावर चालवून पाहा. यात दोन दिवस गेले तरी जाऊ द्या. मांडणीच्या सूचनांमध्ये जिथे तुम्ही अडलात, तिथे पुढचाही अडणार. ती सूचना दुरुस्त करणे हाच कित्येकांचा पहिला बदल असतो.

वर्ध्याला ही पद्धत परकी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये इथेच शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने हाताने काम करत शिकण्याची योजना मांडली. तीच पुढे नई तालीम म्हणून ओळखली गेली. तेव्हा हातात तकली होती.

आता कडू भाग. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘हॅक्टोबरफेस्ट’ या उपक्रमात फुकट टी-शर्ट मिळवण्यासाठी जगभरच्या प्रकल्पांवर निरर्थक बदलांचा पाऊस पडला. कुणी ‘अमेझिंग प्रोजेक्ट’ एवढे दोन शब्द घालून पाठवले. त्यात भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने होते, आणि आयोजकांना नियमच बदलावे लागले. आता टी-शर्टची जागा बायोडेटाने घेतली आहे आणि दोन शब्दांची जागा एआयने लिहिलेल्या, पाठवणाऱ्यालाही न समजलेल्या कोडने. तो तपासणारा मेंटेनर बहुतेकदा नोकरी सांभाळून, रात्री, बिनपगारी बसलेला असतो. त्याचा तास वाया घालवणे ही माझ्या मते चोरीच आहे. एआयची मदत घ्या, पण पाठवलेल्या प्रत्येक ओळीचे कारण तोंडी सांगता आले पाहिजे.

यातून नोकरी मिळते का, असे पालक विचारतात. थेट मिळेल अशी हमी मी देणार नाही. इथे नाव पाहून कुणी दार लावत नाही, असेही मी म्हणणार नाही. नाव तर प्रत्येक बदलाखाली छापलेलेच असते. फरक एवढाच, की नावाशेजारी कामही छापलेले असते आणि ते कुणालाही उघडून वाचता येते. मानधनाच्या दोन वाटा मात्र ठाऊक हव्यात. गूगलचा ‘समर ऑफ कोड’ २००५ पासून चालतो आणि २०२२ पासून तो अठरा वर्षांवरील नवख्यांसाठी खुला आहे, विद्यार्थी असण्याची अट उरलेली नाही. ‘आउटरीची’ खास करून या क्षेत्रात ज्यांची संख्या कमी आहे आणि ज्यांना भेदभाव सोसावा लागतो, अशांसाठी आहे. काम घरून आणि सवेतन. आपल्या ज्या मुलींना पुण्याला पाठवायला घरचे तयार नसतात, त्यांनी याकडे जरूर पाहावे. दोन्हीकडे अर्ज करण्याआधी प्रकल्पाची ओळख आणि थोडे काम झालेले असेल तरच निभाव लागतो, म्हणून अर्जाच्या आठवड्यात जागे होऊन उपयोग नाही. तीन-चार महिने आधी एकच प्रकल्प धरा. लॅपटॉप नसेल तर तिघांत एक चालेल. एकाने प्रोग्राम चालवावा, दुसऱ्याने चूक लिहून काढावी, तिसऱ्याने मराठी तपासावी. पुढच्या रविवारी भूमिका बदला.