नोराचा नाताळ आणि आपली येळवस

नांदेड-लातूरकडे नाटकाचा खरा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. हौशी राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी, महाविद्यालयांच्या एकांकिका आणि त्यासोबत नवी संहिता कुठून आणायची ही दरवर्षीची धावपळ. पुण्या-मुंबईत गाजलेले नाटक उचलणे हा सोपा मार्ग. दुसरा मार्ग परदेशी नाटकाच्या रूपांतराचा. त्या वाटेने आपण कमी जातो आणि गेलो तरी घाईत जातो. पात्रांची नावे बदलायची, केकऐवजी करंजी ठेवायची, झाले रूपांतर.

ही घाई कुठे महागात पडते, हे पाहायचे तर नाताळात घडणारी नाटके घ्यावीत. त्यांतली माझी आवडती दोन आहेत आणि दोन्हीत नाताळ काढला तर नाटकच उरत नाही.

नोराच्या घरात नाताळ कशासाठी?

हेन्रिक इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’चा पहिला प्रयोग कोपनहेगनला २१ डिसेंबर १८७९ रोजी, नाताळच्या तोंडावर झाला. नाटकही नाताळच्या आदल्या दिवशी सुरू होते. नोरा बाजारातून पुडकी घेऊन येते, मागून हमाल नाताळचे झाड आणतो. झाड सजेपर्यंत मुलांना दिसू नये म्हणून ते लपवायला ती सांगते. नवरा टोरवाल्ड नव्या वर्षात बँकेचा व्यवस्थापक होणार आहे. तुला काय हवे, असे तो विचारतो तेव्हा ती पैसे मागते. सोनेरी कागदात गुंडाळून झाडाला टांगा म्हणते.

तिला पैसे का हवेत, हीच नाटकाची गाठ. आजारी नवऱ्याला हवापालटासाठी इटलीला नेण्यासाठी तिने गुपचूप कर्ज काढलेले असते. त्या काळी नवऱ्याच्या संमतीशिवाय बायकोला कर्ज मिळत नसे, म्हणून जामीन म्हणून वडिलांची सही तिने स्वतःच केली आणि त्या सहीखालची तारीख वडिलांच्या मृत्यूनंतरची पडली. मागच्या नाताळात तीन आठवडे ती रोज रात्री खोलीचे दार लावून बसायची. झाडासाठी शोभेच्या वस्तू करते आहे, असे घरच्यांना वाटले. मांजराने सगळे फाडून टाकले, ही सबबही त्यांना पटली. दार लावून ती नकला उतरवण्याचे काम करत होती, हप्ते फेडण्यासाठी. दुसऱ्या अंकात तेच झाड ओरबाडलेले, मेणबत्त्या जळून गेलेले दिसते. वेगळे काही बोलावे लागत नाही.

मराठीत अनंत काणेकरांनी हे नाटक ‘घरकुल’ या नावाने आणले. मो. ग. रांगणेकरांच्या १९४२ च्या ‘कुलवधू’वरही इब्सेनची सावली आहे. म्हणजे नोरा आपल्याला परकी नाही. आणि आज तर मुळीच नाही. बचत गटाचे किंवा मायक्रोफायनान्सचे कर्ज नवऱ्याला न सांगता उचलणारी आणि आठवड्याच्या हप्त्याला शिलाई मशिनवर रात्र काढणारी बाई नांदेडच्या कुठल्याही वस्तीत प्रेक्षकांना ओळखीची वाटेल.

मग नाताळाच्या जागी काय? दिवाळी सुचतेच, आणि बसतेही छान. तीन दिवसांचे नाटक आहे: नरक चतुर्दशी, लक्ष्मीपूजन, पाडवा. सोनेरी कागदातले पैसे म्हणजे पाडव्याची ओवाळणी. पण एक अडचण आहे. पाडव्याच्या रात्री आपली नोरा बॅग घेऊन निघाली, तर शेजारीपाजारी म्हणतील, भाऊबीजेला माहेरी निघाली. ज्या दाराचा आवाज साऱ्या युरोपने ऐकला, तो आपल्याकडे कुणाच्या कानावरही जायचा नाही! यावर दिग्दर्शकाने तोडगा काढायचा, किंवा हाच नाटकाचा शेवट करायचा. मला दुसरे अधिक आवडेल.

नव्वद वर्षे, एकच जेवण

दुसरे नाटक छोटे आहे. थॉर्नटन वाइल्डरची ‘द लाँग ख्रिसमस डिनर’ ही १९३१ ची एकांकिका. एका घरातले नाताळचे जेवण आणि त्याच्या एका बैठकीत नव्वद वर्षे सरतात. मंचाच्या एका बाजूला फुलाफळांनी सजवलेले जन्माचे दार, समोर काळ्या मखमलीचे मरणाचे दार. नवे मूल बाबागाडीतून एका दाराने येते. म्हातारी माणसे बोलता बोलता उठून दुसऱ्या दाराने निघून जातात. वय वाढले की नट पांढरा टोप चढवतो. ताटात काहीच नसते, सगळे खाण्याचा अभिनय करतात. तीच वाक्ये पिढी बदलली की नव्या तोंडून येतात. शेवटी भल्यामोठ्या टेबलाशी एकटी म्हातारी उरते. नेपथ्याचा खर्च जवळपास नाही, हे आपल्या संस्थांच्या दृष्टीने थोडके नव्हे.

इथे दिवाळी चालणार नाही. इथे येळवसच हवी. मार्गशीर्ष अमावास्या अनेकदा डिसेंबरात येते. २०१९ मध्ये ती २६ डिसेंबरला होती. त्या दिवशी लातूर, धाराशिव आणि नांदेड-बीडच्या काही भागांत गावेच्या गावे शेतात जातात. कडब्याची कोप, चुन्याने रंगवलेले पांडव, भज्जी, आंबील. ज्याला शेत नाही, त्यालाही बोलावणे असते. शहरात तर रस्ते ओस. बाकी महाराष्ट्राला या सणाची फारशी खबर नाही, म्हणूनच तो मंचावर यावा.

लातूरकडच्या एका कोपीत नव्वद वर्षे बसवून पाहा. निजामाचा काळ, रझाकार, १९४८ ची पोलीस कारवाई, ७२ चा दुष्काळ. मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. वाइल्डरच्या नाटकात मरणाच्या दाराने माणसे एकेक करून जातात. किल्लारीच्या घरात ती एकदम जातील आणि पुढच्या येळवशीला भज्जीचे पातेले तेवढेच मोठे असेल. नंतर २०१६, रेल्वेने पाणी आले ते वर्ष. आंबिलीला पाणी कुणी किती घातले, यावरून भांडण. मग वाटणी, विकलेले शेत, पुण्याला गेलेली मुले. महेश एलकुंचवारांनी ‘वाडा चिरेबंदी’त विदर्भातला वाडा ढासळताना दाखवला, आपल्याकडची ढासळलेली घरे अजून मंचावर पुरेशी आलेली नाहीत.

नाताळ तसाच ठेवला तर?

ठेवावा की! मराठी ख्रिस्ती कुटुंबे मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या राहतात, त्यांच्या घरातले नाटक कुणी लिहिले तर उत्तमच. पण मग ते त्यांचे नाटक हवे, देशपांड्यांच्या दिवाणखान्यात उभे केलेले प्लास्टिकचे झाड नव्हे. ‘द लायन इन विंटर’मधला दुसरा हेन्री ११८३ च्या नाताळासाठी कैदेतल्या राणीला घरी आणतो आणि वारसा कुणाला द्यायचा यावर तीन मुलांसह सगळे भांडतात. सण आहे म्हणून माणसे एकत्र, आणि एकत्र आहेत म्हणून भांडण. एवढे कळले की झाड लागत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. इब्सेन १९०६ मध्ये वारला, त्याच्या मूळ नाटकावर आता कुणाचा हक्क नाही. वाइल्डर मात्र १९७५ मध्ये गेला आणि भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क टिकतो. म्हणजे २०३५ संपेपर्यंत परवानगी लागेल. शिवाय आपल्याकडच्या प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र आहेच. पत्रव्यवहाराला महिने जातात. पुढच्या येळवशीला कोप बांधायची असेल, तर पत्र आताच टाकायला हवे.