पेन्शन सीमा ओलांडते, औषधोपचार का ओलांडत नाही?

८ ऑगस्ट १९५६ रोजी बेल्जियममधील मार्सिनेल येथील कोळसा खाणीत आग लागली. २६२ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी १३६ इटालियन होती. इटलीने मजूर द्यायचे आणि बेल्जियमने कोळसा, असा करार या दोन देशांत १९४६ सालीच झाला होता. मृतांचे स्मरण आजही होते. पण जे मजूर वाचले, म्हातारे झाले आणि फुफ्फुसांत खाणीची धूळ घेऊन गावी परतले, त्यांच्या औषधोपचाराचा खर्च कोणी सोसायचा?

युरोपीय आर्थिक समुदायाने या प्रश्नाला लवकर हात घातला. समुदाय अस्तित्वात आला १९५८ मध्ये आणि स्थलांतरित कामगारांच्या सामाजिक सुरक्षेची नियमावली त्याच वर्षीची! पुढे १९७१ च्या नियमावलीत सूत्र स्पष्टपणे आले. एकाच देशाची पेन्शन घेऊन दुसऱ्या सदस्य देशात राहणाऱ्या वृद्धास राहत्या देशाच्या नियमांप्रमाणे उपचार मिळावेत आणि त्याचे पैसे पेन्शन देणाऱ्या देशाने भरावेत. स्पेनमध्ये स्थायिक झालेले ब्रिटिश वृद्ध आजही ‘एस-१’ नावाच्या प्रमाणपत्रावर असेच उपचार घेतात. हे सूत्र ब्रेक्झिटनंतरही टिकले.

युरोपाबाहेर मात्र बहुतेक ठिकाणी ते थबकते. तीस वर्षे लंडनमध्ये बस चालवून पुण्यास परतलेल्या माणसाला ब्रिटिश सरकारी पेन्शन मिळते, परंतु भारतात तिला वार्षिक वाढ लागू नाही. पहिल्या दिवसाचा आकडा अखेरपर्यंत तसाच राहतो. आरोग्यसेवेचा परस्पर करारही भारताशी नाही. म्हणजे वयासोबत रुग्णालयाची बिले वाढणार, पेन्शन गोठलेली आणि सगळा भार खिशावर.

अशाच गोठलेल्या पेन्शनविरुद्धचा ‘कार्सन’ खटला युरोपीय मानवाधिकार न्यायालयात १६ मार्च २०१० रोजी ११ विरुद्ध ६ मतांनी फेटाळला गेला. बहुमताचे एक कारण असे, की राष्ट्रीय विम्याची वर्गणी केवळ पेन्शनसाठी नसते. तिच्यातून इतर लाभ आणि राष्ट्रीय आरोग्यसेवाही चालते. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबर असेल. पण मग हा युक्तिवाद पुण्याच्या त्या वृद्धाच्याच बाजूचा नाही काय? त्याच्या वर्गणीने आरोग्यसेवाही चालली होती, आणि आता त्या सेवेवर त्याचा एक पैचाही भार नाही.