उन्हाळा कोणाचा?

मैत्रिणींनो, आमच्या चंद्रपूरच्या उन्हाळ्याबद्दल तुम्ही ऐकलंच असेल. पारा 45 अंशांच्या वर जातो. या दिवसांत इकडच्या खेड्यांतल्या मुलींच्या वाट्याला काय येतं? मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायची, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायचा, पुडके बांधायचे. शिवाय घरातली, नात्यातली लग्नं. सुट्टी कॉलेजला असते, मुलीला नसते.

मी इथे एका कॉलेजात गणित शिकवते. माझी एक विद्यार्थिनी गडचिरोलीकडच्या खेड्यातली, एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. आपल्या देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून दर उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना संशोधनासाठी पाठ्यवृत्ती देतात. दोन महिने एखाद्या संशोधकाच्या हाताखाली काम करायचं. विद्यावेतन आणि प्रवासखर्च मिळतो. यंदा तिची निवड झाली. पुढे परदेशात जाऊन पीएच.डी. करायची, हेही तिनं मनाशी धरलंय. पत्र दाखवायला आली तेव्हा मात्र चेहरा उतरलेला. "मॅडम, बाबा म्हणतात, गणितच करायचं ना, मग घरी बसून कर."

तिचे वडील वाईट नाहीत. कर्ज काढून त्यांनी तिला इथवर शिकवलं. त्यांचा प्रश्नही साधा आहे. गणिताला प्रयोगशाळा लागत नाही, वही-पेन असलं की झालं. मग ते भाताचं आधण ठेवून, भांडी घासून उरलेल्या वेळात का होऊ नये?

होत नाही, कारण एकेक सिद्धता दोन-दोन दिवस डोक्यात घोळवावी लागते. मध्येच हाक आली की धागा तुटतो. अडलं तर फळ्यापाशी उभं राहून वाद घालायला माणसं लागतात. 1993 पासून देशात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी गणिताची उन्हाळी प्रशिक्षण शिबिरं चालतात, तीही याच गरजेतून. गणिताला सामान लागत नाही, पण सलग वेळ आणि सोबत लागते. आपल्या मुलींना नेमक्या याच दोन गोष्टी मिळत नाहीत.

मंगला नारळीकरांचं उदाहरण घ्या. 1964 साली मुंबई विद्यापीठात एम.ए.ला गणितात पहिल्या आल्या, सुवर्णपदक मिळालं. लग्नानंतर केंब्रिजला गेल्या, तिथे गणित शिकवलंही. पीएच.डी. मात्र 1981 साली झाली. मध्ये सतरा वर्षं! घराच्या जबाबदाऱ्या आपण नेहमी आधी ठेवल्या, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. हे सुशिक्षित, विद्येची कदर असलेल्या घरातलं. मग आमच्या खेड्यातल्या मुलीची काय कथा?

परदेश म्हटलं की घरच्यांना लाखांचे आकडे दिसतात. पण अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत गणिताच्या पीएच.डी.ला प्रवेश मिळाला की फी माफ होते आणि शिकवण्याच्या कामाचे दरमहा पैसे मिळतात. आपल्या राज्य सरकारच्याही अनुसूचित जाती आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी परदेश शिष्यवृत्त्या आहेत. खरी अडचण वेगळीच आहे. अर्जासोबत शिक्षकांची पत्रं लागतात, आणि तीही मुलीचं काम जवळून पाहिलेल्यांची. असं काम दाखवायला मिळतं ते या उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत. आज तिला घरी बसवलं, तर परदेशाचा रस्ता इथेच बंद होतो, आणि तो बंद झाल्याचं कोणाला कळतही नाही.

तिचा धाकटा भाऊ क्लाससाठी दोन वर्षं नागपुरात राहतोय. तो कुठे राहील, काय खाईल, लोक काय म्हणतील, याची चर्चा घरात झाली नव्हती. हिच्या वेळी मात्र मामापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी मत दिलं. त्यात मे महिन्यात एक स्थळ बघायला येणार आहे.

आपण शिक्षिका मुलींना "खूप शिका" म्हणतो आणि निकाल लागला की मोकळ्या होतो. ते पुरेसं नाही. मी तिच्या घरी गेले. वसतिगृहाचा पत्ता दिला, फोन लावून दिला, बल्लारशाहहून गाडीत मी स्वतः सोबत येईन म्हटलं. वडील गप्प बसले. आई पाणी घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "पाने मी तोडीन जी, तिला जाऊ द्या."

होकार कळवायला अजून आठ दिवस आहेत. ती आई एकटी पडू नये, एवढं तरी आपण करू शकतो. तुमच्या गावातही अशी एखादी मुलगी असेल. यंदाचा तिचा उन्हाळा कोणी ठरवलाय, एकदा विचारून बघा.