पथ्याची पंगत

1 मे रोजी झेंडावंदन झाले, मुलांच्या हाती निकालपत्रके पडली आणि आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेला सुटी लागली. जूनच्या मध्यापर्यंतचे जवळजवळ दीड महिन्याचे दिवस शिक्षकाच्या पुढ्यात मोकळ्या अंगणासारखे पसरलेले असतात. दर वर्षी वाटते, यंदा दुपारी झोपू, गुडघ्यांचे व्यायाम करू, राहिलेली पुस्तके वाचू. यंदा तसे वाटायलाही सवड नव्हती. मेच्या शेवटच्या आठवड्यात लेकीचे लग्न होते. मी शाळेतील कोऱ्या हजेरीपटाचे एक पान घेऊन कामांची यादी केली. पत्रिका, बस्ता, मंडप, आचारी, गडगनेराची आमंत्रणे, रुखवत, मानाच्या साड्या, पाहुण्यांच्या गाद्या. एकूण सत्तेचाळीस कामे झाली. त्या यादीत आत्याबाईंचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, नाव कुठेच नव्हते, हे माझ्या लक्षात यायला नऊ दिवस लागले.

आत्याबाईंचे वय सत्तरीचे. पंधरा वर्षांपासून मधुमेह, त्याच्या मागोमाग आलेला रक्तदाब आणि झिजलेले गुडघे. गुडघ्यांचा हिशेब त्या 1972 च्या दुष्काळापासून मांडतात. त्या वर्षी दुष्काळी कामांवर त्यांनी खडी फोडली आणि पुढच्या उन्हाळ्यात, सतराव्या वर्षी, त्यांचे लग्न झाले. रेशनवर तांबडी मिलो मिळत होती, विहिरी कोरड्या होत्या. आमच्या भागात अक्षतांना तांदळाऐवजी ज्वारी वापरतात. ती ज्वारीही त्या लग्नात ओंजळीने नव्हे, चिमटीने वाटली होती, असे त्या सांगतात. त्यामुळे नातीचे लग्न हा त्यांच्या दृष्टीने नुसता समारंभ नव्हता. त्यांच्या लग्नात जे जे राहून गेले होते, ते सगळे त्यांना या लग्नात पाहायचे होते.

बस्त्याचा दिवस 10 मेचा ठरला. बीडच्या बाजारात कापड घ्यायला दोन्हीकडची मिळून अठरा माणसे. सकाळी नऊला निघायचे ते साडेअकराला निघालो. आत्याबाईंनी नेहमीच्या वेळी साखरेची गोळी घेतली होती. भाकरी मात्र "आल्यावर खाईन" म्हणून डब्यातच राहिली. दुकानात गाद्यांवर साड्यांचे ढीग पडत गेले. (आमच्या जिल्ह्यातल्या अंबाजोगाईला दासोपंतांनी सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर आपले 'पंचीकरण' लिहिले, ती पासोडी आजही तिथे जपलेली आहे. आम्ही त्या दिवशी त्याहून कितीतरी लांब कापड उलगडले आणि त्यावर फक्त भाव वाचले.) दुपारचे अडीच वाजले. व्याह्यांकडच्या मंडळींना पैठणीचा रंग पसंत पडेना, आणि त्यांच्यासमोर "आधी जेवून घेऊ" असे म्हणण्याचे धाडस आम्हा मुलीकडच्या कोणालाच होईना.

आत्याबाई गप्प झाल्या होत्या. मला वाटले, दमल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहून त्यांच्या वारलेल्या नणंदेचे नाव घेतले आणि "गाडी जुंपली का?" असे विचारले. कपाळावर घाम होता, हात गार होते आणि थरथरत होते. घरी साखर मोजण्याचे यंत्र आहे. ते घरीच होते. कोणीतरी पेढ्याचा पुडा पुढे केला. माझ्या सुदैवाने दुकानातील एका मुलाची आई मधुमेही होती. "पेढा नको मावशी, साखरेचं पाणी द्या," असे म्हणत त्याने चहाच्या टपरीवरून पेलाभर पाणी आणि साखर आणली. तीन चमचे साखर, अर्धा पेला पाणी. वीस मिनिटांत आत्याबाईंनी मला माझ्या नावाने हाक मारली.

वाचकहो, त्या मुलाचे म्हणणे बरोबर होते, म्हणून थोडे सविस्तर सांगते. साखर एकदम उतरते तेव्हा नुसती साखर, ग्लुकोज किंवा गोड सरबत लवकर काम करते. पेढ्यातल्या, बर्फीतल्या स्निग्धांशामुळे त्यातली साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. तीन चमचे साखर दिल्यावर पंधरा मिनिटे थांबावे, बरे वाटले नाही तर तेवढीच पुन्हा द्यावी आणि बरे वाटल्यावर पोळी, भाकरी, भात असे काही खायला घालावे. नाहीतर गोळीचा अंमल उरलेला असतो आणि साखर पुन्हा उतरते. माणूस शुद्धीवर नसेल किंवा त्याला गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही ओतू नये. 108 ला फोन करावा. आणखी एक गोष्ट. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे ही लक्षणे मे महिन्यात दिसली की आपण सगळे "ऊन लागले" म्हणतो. मीही तेच म्हणत होते. उन्हाचा जबर तडाखा बसलेल्या माणसाचे अंगही बहुधा तापलेले असते. आत्याबाईंचे हात गार होते. दोन्हीतला फरक घरच्यांना नेहमीच कळेल असे नाही, पण मधुमेही माणूस गोळी घेऊन उपाशी असेल तर पहिला संशय साखरेचाच घ्यावा आणि यंत्र पिशवीत ठेवावे.

त्या रात्री घरात बैठक झाली. माझे दीर म्हणाले, लग्नाच्या दिवशी आईला घरीच ठेवू, शेजारच्या काकू थांबतील, मोबाइलवर सगळे दाखवू. यजमानांनी मान डोलावली. मीही डोलावली. खरे सांगायचे तर मला हलके वाटले. सत्तेचाळीस कामांतले एक कमी झाले होते. आत्याबाई आतल्या खोलीत झोपलेल्या नव्हत्या. सकाळी चहा देताना त्यांनी विचारले, "मला घरीच ठेवायलाव म्हणं?" मी काही बोलले नाही. त्या म्हणाल्या, "ठेवा. पण पहिली पत्रिका देवाला मीच घेऊन जाणार. तेवढं तरी करू द्या." आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

पहिली पत्रिका अंबाजोगाईला योगेश्वरीला आणि दुसरी परळीला वैद्यनाथाला, असा त्यांचा बेत होता. बीडहून मांजरसुंबा, केज असे करीत अंबाजोगाई गाठायची आणि पुढे परळी. मेमध्ये आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. मी आमच्या डॉक्टरांना विचारले; मनातून वाटत होते, ते नाही म्हणतील आणि सुटका होईल. ते नाही म्हणाले नाहीत. त्यांनी विचारले, "त्यांचं घड्याळ तुमच्या गाडीत बसतं का, ते सांगा." मग त्यांनी गोळ्यांच्या पाकिटांवर पेनाने खुणा केल्या. साखरेची ती विशिष्ट गोळी घास समोर आल्यावरच घ्यायची. जेवण पुढे गेले तर गोळीही पुढे. रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी एक लघवी वाढवणारी होती. ती कडक उन्हाच्या प्रवासात कशी घ्यायची तेही सांगितले. प्रत्येकाच्या गोळ्या वेगळ्या असतात, म्हणून तो हिशेब मी इथे देत नाही. आपल्या डॉक्टरांकडून तो लिहून घ्यावा, आणि लग्न ठरल्याबरोबर घ्यावा, हळदीच्या दिवशी नव्हे.

पहाटे पाचला निघालो. यजमान गाडी चालवीत होते, लेक आजीला टेकून बसली होती. धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. माठातले पाणी दोन बाटल्यांत भरले होते. म्हाताऱ्या माणसाला तहान कमी जाणवते, म्हणून "तहान लागली का?" असे विचारून उपयोग नसतो. लेकीने युक्ती काढली: रस्त्यात गाव आले की आजीने चार घोट प्यायचे. गावे पुष्कळ आहेत, आणि प्रत्येक गावात आत्याबाईंची कोणीतरी सोयरी निघत होती. (ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून दिलेले आहे, त्यांनी हा खेळ खेळू नये.)

अंबाजोगाईला देवीपुढे पत्रिका ठेवली, आवारातल्या सावलीत धपाटे उघडले, घास समोर आल्यावर गोळी. परळीला मंदिराच्या रुंद पायऱ्या पाहून यजमान म्हणाले, आई, तू खालूनच हात जोड. त्या म्हणाल्या, वैद्यनाथ आहे ना तो, मग गुडघे दाखवायला वर जायलाच हवे. दहा पायऱ्या, मग बसणे, पुन्हा दहा पायऱ्या. अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेल्या त्या मंदिरात त्यांनी पिंडीला हात लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. ऊन चढायच्या आत आम्ही परतीला लागलो. केजजवळ मी साखर तपासली. ती ठीक होती. आत्याबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "लग्नानंतर पहिल्यांदाच अशी हिंडायला निघाले. खडीवर जायचे तेव्हा ह्याच बाजूचा रस्ता होता."

मग माझीच मला लाज वाटली. दिवसभराच्या प्रवासात जे जमले, ते लग्नाच्या मंडपात का जमू नये? आम्ही बाई सांभाळायला तयार होतो, वेळ सांभाळायला नव्हतो.

आमच्याकडची अडचण मुहूर्ताची असते. पत्रिकेत बारा पस्तीस छापतात. नवरदेवाचा परण्या मारुतीला जातो, वाजंत्रीपुढे पोरे नाचतात आणि अक्षता पडायला दोन वाजतात. त्यानंतर वऱ्हाडाच्या पंगती. मुलीकडच्या वडीलधाऱ्यांनी त्याआधी जेवायचे नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण आत्याबाईंनी तो आयुष्यभर पाळला होता. मी म्हटले, आतल्या खोलीत गुपचूप दोन घास खा. त्या म्हणाल्या, "चोरून खाऊ? नातीच्या लग्नात?" डॉक्टरांचा कागद दाखवला. त्यांनी तो नीट घडी करून परत दिला. पथ्य त्यांना मान्य होते, पण ते मानाच्या आड येत होते आणि मान त्या सोडणार नव्हत्या. मी पंचवीस वर्षे शाळेत आरोग्याचे धडे शिकवते. या पेचाचा धडा कोणत्याच इयत्तेत नाही.

दोन दिवस विचार करून मी नवरदेवाच्या आईला फोन केला. मुलीकडच्यांनी काही मागणे हेच आमच्याकडे अवघड, म्हणून आधी पैठणीवर बोलले, हवेवर बोलले. शेवटी सांगून टाकले. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग त्या म्हणाल्या, "आमच्या मामंजींना दोन वेळा इन्सुलिन आहे. आम्हीही त्यांना घरी ठेवायचं ठरवलं होतं. ते चार दिवसांपासून बोलत नाहीत."

पुढचे सगळे सोपे झाले. मंगल कार्यालयातली उत्तरेकडची एक खोली आम्ही दोन्ही घरांनी मिळून मागून घेतली. मोठा कूलर आणि त्यासमोर उघडी खिडकी. खिडकी बंद ठेवली तर खोलीत नुसती दमट हवा कोंडते. स्वच्छतागृहात कमोडची खुर्ची. त्यांच्या इन्सुलिनसाठी मातीच्या भांड्यात ओल्या वाळूवर ठेवलेली डबी. बर्फात ठेवायचे नाही, ते गोठले तर निकामी होते. दाराशी दोन भाचरे, एक तास एकाची पाळी, एक तास दुसऱ्याची. ध्वनिक्षेपकाचे तोंड दुसरीकडे वळवले. त्यासाठी मात्र यजमानांना वाजंत्रीवाल्यांशी भांडावे लागले.

लग्नाच्या दिवशी साडेअकराला नवरदेवाचे आजोबा काठी टेकत त्या खोलीच्या दारात आले. ते वरपक्षाचे, म्हणजे त्यांचा मान पहिला. आत्याबाई पदर सावरून उभ्या राहू लागल्या. ते म्हणाले, "बसा विहीणबाई. मला आता जेवायला लागतं, आणि एकट्याला पंगतीत घास उतरत नाही. तुम्ही बसलात तर मी बसतो." पाहुण्याने आग्रह केल्यावर नाही म्हणणे हेही आत्याबाईंच्या नियमात बसत नव्हते.

आचाऱ्याने दोन पत्रावळी लावल्या. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, साधे वरण, काकडीची कोशिंबीर, ताक. बुंदीचा लाडू दोघांत मिळून अर्धा, तोही शकुनाचा. आजोबांनी इन्सुलिन टोचून घेतले, आत्याबाईंनी गोळी घेतली. पहिला घास झाल्यावर ते म्हणाले, वरणात मीठ कमी आहे. त्या म्हणाल्या, कमीच ठेवायला सांगितलंय. मग 1972 साली कोण कुठल्या कामावर होते, यावरून बोलणे सुरू झाले. बाहेर परण्या निघाला होता आणि नेहमीप्रमाणे उशीर होणार हे दिसत होते. दोन वाजता अक्षतांसाठी बोलवायला गेले, तेव्हा त्या दोघांचे ठरत नव्हते की खडीची मजुरी तेव्हा कोणाला जास्त मिळत होती. आत्याबाई उठल्या, पदराच्या टोकात बांधलेली ज्वारी सोडली आणि आजोबांच्या हातावर मूठभर ठेवली.